हेडसेटमधली शिट्टी कुठून येते?

स्वतः बांधलेल्या विमानाचं इंजिन पहिल्यांदा सुरू होतं, हेडसेट डोक्यावर चढतो आणि कानात एक बारीक शिट्टी वाजू लागते. थ्रॉटल पुढे ढकलला की तिचा सूर चढतो, मागे घेतला की उतरतो. रेडिओ नवा, इंटरकॉम नवा, हेडसेट उत्तम. मग दोष कुणाचा? बहुतेक वेळा यांपैकी कुणाचाच नाही. आवाजाच्या दोन-तीन तारा कुठे नेऊन जोडल्या, यात तो असतो.

इंजिनाच्या वेगाबरोबर सूर बदलणारी ही शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राची. त्याची तीन फेजची वीज सहा डायोडांतून जाताना एकाच दिशेची होते, पण सपाट होत नाही. तिच्यावर लहरी उरतात. 12 चुंबकीय ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्ये दर फेऱ्याला अशा 36 लहरी निघतात. तो मिनिटाला 5000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 3000. बोलणं नीट समजायला साधारण 300 ते 3400 हर्ट्झचा पट्टा लागतो. शिट्टी नेमकी त्यातच येऊन बसते, म्हणून आवाजाच्या वाटेवर फिल्टर लावून ती काढायला गेलं की बोलणंही कापलं जातं.

ती आत शिरते कशी? ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट, शून्य व्होल्टला असते आणि विमानाचा सांगाडा कुठेही धरला तरी तेच शून्य, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. 18 गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे 21 मिलिओहम असतो. अशा दोन मीटर तारेतून 1 अँपिअरची लहर परत गेली, तर तारेच्या दोन टोकांमध्ये 42 मिलिव्होल्टचा फरक पडतो. दिव्याला त्याचं काही वाटत नाही. मायक्रोफोनचा सिग्नल मात्र काहीशे मिलिव्होल्टचाच असतो. त्याची परतीची वाटही हीच असेल, तर हे 42 मिलिव्होल्ट त्यात मिसळतात. रेडिओ मग दोन्ही मिळून वाढवतो आणि बोलण्याचं बटण दाबलं की ऐकणाऱ्यांपर्यंतही पोचवतो.

म्हणूनच या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते जॅकभोवती, म्हणजे हेडसेटची पिन जिथे खुपसतो त्या खोबणीभोवती, बसणारं इन्सुलेटिंग (वीज न जाऊ देणारं) वॉशर. जॅकचं धातूचं अंग हाच त्याचा ग्राउंड. तो ॲल्युमिनियमच्या पॅनेलवर थेट आवळला, की आपण जोडलेली तार राहते बाजूला आणि सांगाड्यातून दुसरी वाट आपोआप तयार होते. दोन वाटांचं मिळून एक वेटोळं बनतं आणि त्यात इतर उपकरणांचा प्रवाह फिरू लागतो. भोकाच्या दोन्ही बाजूंना वॉशर घालायचं, जॅकची परतीची तार थेट इंटरकॉमपर्यंत न्यायची आणि रेडिओ-इंटरकॉमचे ग्राउंड एकाच जागी एकत्र करायचे. फायबरग्लासच्या विमानात पॅनेल वीजवाहक नसेल, तर वॉशरची गरज पडत नाही.

मायक्रोफोनच्या जॅकला तीन संपर्क असतात: टोकावर बोलण्याचं बटण, मधल्या कड्यावर आवाज, अंगावर ग्राउंड. आवाजाच्या त्याच तारेतून मायक्रोफोनला वीजही मिळते. ही जुन्या कार्बन मायक्रोफोनची आठवण. त्यात कार्बनचे कण आवाजाने दाबले जात, त्यांचा रोध बदले आणि त्यासाठी बाहेरून वीज द्यावी लागे. आजचे मायक्रोफोन वेगळे आहेत, पण आतला छोटा ॲम्प्लिफायर तीच रीत पाळतो. वीज आणि आवाज एकाच तारेत असल्यामुळे या तारेला जास्त जपावं लागतं. तिच्यावर शिल्ड, म्हणजे धातूच्या जाळीचं आवरण हवं, आणि ही शिल्ड इंटरकॉमच्या टोकालाच जोडायची. जॅकच्या टोकाला मोकळी सोडायची. दोन्हीकडे जोडली, तर पुन्हा तेच वेटोळं.

शिट्टी आलीच, तर जमिनीवरच शोधावी. अल्टरनेटर काही क्षण बंद केल्यावर ती थांबली, तर उगम पक्का झाला. मग इंजिन बंद करून जॅक पॅनेलमधून सोडवायचे, टेप गुंडाळून मोकळे लोंबकळू द्यायचे आणि इंजिन पुन्हा सुरू करायचं. आता कान शांत असतील, तर कुठल्या तरी भोकातलं वॉशर राहून गेलंय किंवा नट आवळताना तडकलंय.