स्टेशन रोडची जुनी हॉटेलं: भाडेकरू की चालक?

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, खाली उपाहारगृह आणि वर लॉज अशा जुन्या इमारतींचा वाद हल्ली 'धोकादायक'च्या नोटिशीपासून सुरू होतो. त्याचं मूळ मात्र 1973 सालात आहे.

ठाणे जिल्ह्याचं ठिकाण. जव्हार-मोखाड्याहून कोर्टकचेरीला आलेल्या माणसाला काम लांबलं की मुक्काम करावा लागे, वरच्या खोल्या त्याच्यासाठी. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि त्या बाजूच्या कामांचा मोठा भाग तिकडे गेला.

बांधकाम चुन्यातल्या जाड विटांच्या भिंतींचं, तुळया सागवानी. न्हाणीघर मजल्याच्या टोकाला, सामाईक. पुढे खोलीखोलीत न्हाणीघरं काढली तेव्हा लाकडी तख्तपोशीवर कोबा आणि लादी चढली. वजन वाढलंच, शिवाय नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, सांध्यातून पाणी झिरपून तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी मुरू लागलं. वरून सिमेंटचं प्लास्टर केलेलं असेल तर चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडत नाही. मग तुळई मधोमध ठोकली तर खणखणीत वाजते आणि टोकाला तिचा भुसा झालेला असतो. पाहणी करताना टोकाजवळचं प्लास्टर फोडल्याशिवाय हे कळत नाही.

ही दुरुस्ती वेळेत का झाली नाही, याचं उत्तर भाडेकायद्यात आहे. 1947 च्या कायद्याने भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं. त्यामुळे मालक जागा भाड्याने देईनात, हॉटेल 'चालवायला' देऊ लागले. कागदावर धंदा, भांडी, टेबल-खुर्च्या, पाटी सगळं मालकाचं; चालकाने दरमहा रॉयल्टी द्यायची. 1973 च्या कायदादुरुस्तीने 1 फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांना, म्हणजे भाडेकराराऐवजी मालकाच्या परवानगीने जागा वापरणाऱ्यांना, भाडेकरूचं संरक्षण दिलं, पण परवानाधारकाच्या व्याख्येतून इतरांबरोबर या दोघांनाही वगळलं: हॉटेल-लॉजच्या खोलीत राहणारा, आणि मालकाचा चालू धंदा चालवणारा.

पहिल्याला वगळणं रास्तच होतं, नाहीतर महिनाभर उतरलेला पाहुणाही हक्क सांगता. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र अन्याय झाला, असं स्पष्ट म्हणायला हवं. भट्टी, फ्रीज, कामगार, उधारी, तोटा सगळं चालकाचं, आणि मालकाचा 'धंदा' फक्त करारात, अशीही प्रकरणं होती. कोर्ट कराराच्या मथळ्यावर थांबत नाही. गुमास्ता आणि खाद्य परवाना कुणाच्या नावावर, वीज मीटर कुणाचा, तोटा कोण सोसतो, रक्कम गल्ल्यावर ठरते की ठरीव, हे पाहिलं जातं. ज्याने परवान्यांची नूतनीकरणं आणि पावत्या जपल्या नाहीत, त्याची बाजू लंगडी पडते.

दुरुस्ती अडली ती याच कोंडीत. मालक म्हणे, धंद्यातून कर. चालक म्हणे, इमारत तुमची. चालकाने स्वखर्चाने तुळई बदलली तर उद्या तो हक्काचा पुरावा होईल, म्हणून मालकाची परवानगी मिळत नसे. मग रंग आणि फॉल्स सीलिंग व्हायचं, आणि सडलेली टोकं त्याच्या आड जायची.

31 मार्च 2000 पासूनच्या नव्या भाडेकायद्याने वर्षाला 4 टक्के भाडेवाढ दिली, पागडीला मान्यता दिली. वगळलेले मात्र वगळलेलेच राहिले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरार संपत नाही. याचा आधार भाडेकरूला आहे. चालकाला आधी आपण भाडेकरू असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि सी-1 (अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी) असा शेरा पडून इमारत रिकामी झाली की ताबाही हातचा जातो. म्हणून रिकामी करण्यापूर्वीच्या मोजणीला महत्त्व आहे. उपाहारगृह, पोटमाळा, मागची भटारखाना-पडवी आणि वरच्या खोल्या यांचं चटई क्षेत्र वेगवेगळं नोंदवून, ताबा कुणाचा हे लिहून, सहीची प्रत घ्यावी. पोटमाळा आणि पडवी बहुतेकदा सुटतात, आणि पाडकाम झाल्यावर ती मोजायला काही उरत नाही.