शिसम घेतलं म्हणजे शिसवी घेतलं असं नव्हे

मावशीने गेल्या दिवाळीत सहा माणसांचं डायनिंग टेबल घेतलं आणि घेण्याआधीच सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगून टाकलं, "शिसवी आहे हो, आपल्या आईच्या कपाटासारखं." टेबल घरी आलं ते मधाच्या रंगाचं, अंगावर तपकिरी रेघा. शेजारी आजीचं कपाट काळंकुळकुळीत. मावशीचा चेहरा उतरला. पण दुकानदाराने काही फसवलं नव्हतं. बिलावर 'शिसम' लिहिलं होतं आणि आलं होतं ते शिसमच.

घोळ नावात आहे. दोन्ही झाडं डालबर्जिया याच प्रजातीतली, पण जाती वेगळ्या. आपण ज्याला शिसव, शिसवी किंवा काही भागांत काळा रुख म्हणतो ती डालबर्जिया लॅटिफोलिया. ती सह्याद्रीतली आणि दक्षिणेकडच्या जंगलांतली. दुकानांत आणि ऑनलाइन 'शीशम' म्हणून विकलं जातं ते डालबर्जिया सिस्सू. हे उत्तरेचं झाड: हिमालयाच्या पायथ्याशी नद्यांच्या गाळात वाढणारं, कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला लावलं जाणारं. पंजाबात त्याला टाहली म्हणतात, तिथला तो राज्यवृक्ष आहे. झाड समोर असेल तर ओळख सोपी. शिसमाच्या पानाला टोक असतं, शिसवाचं पान टोकाशी गोल, बोथट. पण फर्निचरच्या दुकानात पानं कुठली मिळायला!

इंग्रजीचा आधार घ्यावा तर तिथेही तेच. दोघांनाही सर्रास 'इंडियन रोझवूड' म्हणतात. त्यामुळे लेबलवर रोझवूड दिसलं म्हणून आजीचं कपाट डोळ्यांसमोर आणू नये.

रंगाने बरंच कळतं. शिसवीचा गाभा जांभळट तपकिरीपासून काळपटापर्यंत जातो, त्यात आणखी गडद रेघा असतात. शिसमाचा गाभा सोनेरी तपकिरी ते गडद तपकिरी, आणि बाहेरचं कोवळं लाकूड फिकट, पांढरट. अडचण पॉलिशची आहे. शिसमावर 'डार्क वॉलनट' चढवलं की लांबून ते शिसवीच भासतं. 'टीक फिनिश', 'हनी फिनिश' ही रंगांची नावं आहेत, लाकडाची नव्हेत. त्या रंगाखाली आंब्याचं किंवा बाभळीच्या जातीतलं लाकूडही निघतं. म्हणून दुकानात सरळ खाली बसावं आणि टेबलाच्या पोटाकडे बघावं. तिथे पॉलिश पातळ असतं, कधी नसतंच. वरच्या रेघा कडेवरून खाली उतरलेल्या दिसल्या तर फळी भरीव. कडेला पट्टी चिकटवलेली असेल तर वर फक्त पातळ पापुद्रा असण्याची शक्यता मोठी.

वजनावरून ओळखा, असा सल्ला अनेकजण देतात. तो मला पटत नाही. पाच फूट बाय तीन फूट आणि एक इंच जाडीची फळी धरली तर शिसमाची साधारण 26-27 किलो भरते, शिसवीची 28-29. एवढा फरक उचलून कुणाला कळतो? सागाची तेवढीच फळी 22-23 किलोंच्या आसपास. म्हणजे साग आणि शिसम यांतला फरक हाताला जाणवेल, शिसम आणि शिसवी यांतला नाही.

मग घ्यायचं काय? रोज जेवायला बसायचं टेबल असेल तर मी शिसमच घेईन. ते सागापेक्षा कठीण, तासायला चिवट आणि तुलनेने लवकर वाढणारं. शिसव मात्र सावकाश वाढतं, आणि जंगलांत ते इतकं कमी झालंय की आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संस्थेच्या यादीत ते 'असुरक्षित' गटात आहे. नव्या शिसवीचं सहा खुर्च्यांचं टेबल कुणी शिसमाच्या भावात देऊ करत असेल, तर ते शिसवी नाही असंच समजावं.

शिसमातही दोन गोष्टी तपासाव्यात. पांढरट कोवळं लाकूड फार वापरलेलं नको. किडा तिथेच लागतो आणि काही महिन्यांनी पायाशी पिठासारखा भुगा पडू लागतो. दुसरी गोष्ट हवेची. हे फर्निचर बरंचसं जोधपूरच्या कोरड्या हवेत तयार होतं आणि आपल्याकडे येऊन पावसाळ्यात फुगतं. वरची फळी खालच्या चौकटीला लांबट भोकांतून स्क्रूने बसवलेली असेल तर तिला हलायला जागा मिळते. घट्ट आवळली असेल तर पुढेमागे ती तडकते किंवा वाकते. विक्रेत्याला हे विचारलं की तो जरा चपापतो, तरी विचारावं.

शिसवीचाच हट्ट असेल तर जुनं शोधावं. मुंबईत ओशिवऱ्याला किंवा चोर बाजारात अजून मिळतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळ्या लाकडावर भरगच्च कोरीवकाम केलेलं फर्निचर बनायचं, त्याला 'बॉम्बे ब्लॅकवूड' असंच नाव पडलं. पण आपल्या घरांत शिसवी होती ती देव्हाऱ्याची, पलंगाची, झोपाळ्याची, जेवण पाटावर. जुनी जेवणाची टेबलं येतात ती बहुधा पारशी आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांतून, आणि ती प्रशस्त दालनांसाठी केलेली असतात. तेव्हा टेप घेऊन जावं. माणशी 60 सेंटिमीटर कड, खुर्ची मागे ओढायला भिंतीपासून 90. खुर्चीची बैठक 45 आणि टेबल 75 सेंटिमीटर उंच असेल तर जेवण सुखाचं होतं. जुन्या टेबलाखालची चौकट कधी कधी इतकी खाली येते की मांड्या अडतात, म्हणून बसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्यावर लाखेचं पॉलिश असलं तर आमटीचं गरम पातेलं थेट ठेवलं की पांढरं वर्तुळ उठलंच. नव्या शिसमावर पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारून घेतलं तर हळद आणि आमसुलाचे डाग तरी पुसता येतात.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ब्राझीलची एक जात सोडली तर 2 जानेवारी 2017 पासून डालबर्जियाची सगळी प्रजाती साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे शिसम आणि शिसवी दोन्ही. तयार वस्तूंना दहा किलोंपर्यंत सवलत आहे, त्यापुढे कागदपत्रं लागतात. टेबलाची नुसती फळीच त्याच्या वर जाते. मावशीच्या मुलाला आजीच्या घरातलं काहीतरी न्यायचंच होतं; त्याने कपाटाकडे दोन दिवस बघितलं आणि शेवटी शिसवी पाट नेला.