मेंढपाळ की मागी? येशूजन्माची दोन चित्रं कशी ओळखायची

ख्रिसमस कार्डावर मेंढपाळ आणि तीन राजे एकाच गोठ्यात दाटीवाटीने उभे असतात, त्यामुळे सगळे एकाच रात्री आले असं बऱ्याच जणांना वाटतं. बायबलात हे दोन वेगळे प्रसंग आहेत. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात येतात, जन्माच्याच रात्री, बाळ गव्हाणीत असताना. पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्योतिष जाणणारे ज्ञानी लोक (कार्डावरचे 'तीन राजे' ते हेच), मत्तयच्या शुभवर्तमानात येतात आणि तिथे गव्हाण नाहीच, घर आहे, शिवाय ते राजे होते किंवा तिघं होते असंही कुठे लिहिलेलं नाही, भेटवस्तू तीन म्हणून माणसंही तीन धरली गेली. (गोव्यात ६ जानेवारीला रेईश मागूशला फेस्त असतं ते याच तिघांचं.) बैल आणि गाढव या दोन्ही कथांत नाहीत, त्यांचा आधार यशयाच्या ग्रंथात शोधला गेला, तेव्हा त्यांच्यावरून चित्र ओळखायला जाऊ नका.

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात दोन्ही प्रसंगांची जबरदस्त चित्रं आहेत, आणि दोन्हींना पैसा बँकवाल्यांचाच. जेंतिले दा फाब्रियानोने १४२३ मध्ये पाल्ला स्त्रोत्सीसाठी मागींचं चित्र केलं. सोन्याचा वर्ख, भरजरी कपडे, घोडे, माकडं, मागे लांबलचक मिरवणूक. तरुण, प्रौढ आणि म्हातारा असे तीन वयांचे राजे, त्यातला म्हातारा मुकुट उतरवून गुडघ्यावर आलाय आणि बाळाने त्याच्या टकलावर हात ठेवलाय! भेटींचे अर्थ ठरलेले आहेत: सोनं राजासाठी, ऊद देवासाठी, गंधरस मृत्यूसाठी.

ह्यूगो व्हान डर खूसचं मेंढपाळांचं चित्र मात्र मला जास्त आवडतं. फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्याच्या बँकेचा ब्रुजमधला (आजच्या बेल्जियममधलं शहर) माणूस तोमाझो पोर्तिनारी, त्याने ते करवून घेतलं आणि १४८३ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओवा हॉस्पिटलच्या चर्चमध्ये आलं. इथे मेंढपाळांनी भेटवस्तू आणलेल्या नाहीत, चेहरे रापलेले, एकाचं तर तोंड उघडंच राहिलंय. बाळ गव्हाणीतही नाही, थेट जमिनीवर उघडं ठेवलंय आणि अंगातून किरण निघतायत, ही कल्पना स्वीडनच्या संत ब्रिजिटला झालेल्या दर्शनातली. आता खाली पुढ्यात बघा. औषधं ठेवायची बरणी असते तशा बरणीत लिली आणि आयरिस, शेजारी काचेच्या ग्लासात जांभळी कोलंबाइन, जी मरियेच्या दुःखांची खूण मानतात, आणि लाल कार्नेशन, ज्यांचा अर्थ बरेच जण क्रुसाचे खिळे असा लावतात. फुलांमागे गव्हाची पेंढी आडवी पडलीय, बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर आणि मिस्सातली (चर्चमधल्या उपासनेतली) भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, म्हणून ती पेंढी. जन्माच्या चित्रातच मरण मांडून ठेवलंय, तेही इतक्या साध्या वस्तूंत की नुसती सजावट समजून माणूस पुढे जातो.

एक घोळ होऊ शकतो. हे चित्र तीन फळ्यांचं आहे, आणि त्यातल्या उजव्या फळीवर, मागच्या डोंगरात, मागी घोड्यांवरून येताना दिसतात. म्हणून मागी दिसले की लगेच नाव ठरवू नका, बाळापर्यंत कोण पोचलंय ते बघा.