नापसंतीच्या कागदावर उभी राहणारी इमारत

मुंबईत इमारत बांधायची तर महापालिकेकडून हाती पडणारा पहिला मोठा कागद नकाराचा असतो. त्याचं नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, सगळ्यांच्या तोंडी ‘आयओडी’. ती आली की विकासकाच्या ऑफिसात पेढे वाटायची वेळ येते, आणि कागद मात्र सांगत असतो की तुमचा प्रस्ताव आयुक्तांना नापसंत आहे. पुण्या-नाशकाकडचा माणूस पहिल्यांदा मुंबईत फाइल टाकतो तेव्हा हे नाव वाचून दचकतोच. त्याच्याकडे प्लॅन मंजूर होतो आणि थेट सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचं प्रारंभ प्रमाणपत्र, मिळते. मग मुंबईतच हा उलटा कारभार का?

उत्तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात आहे. त्या कायद्यात घरमालक परवानगी मागत नाही. कलम ३३७ खाली तो आयुक्तांना नोटीस देतो, की मी बांधणार आहे. जमीन त्याची, पैसा त्याचा, बांधण्याचा हक्कही त्याचाच, असं तो कायदा धरून चालतो. ठरलेल्या दिवसांत आयुक्तांनी काही कळवलं नाही तर काम सुरू करता येतं. आयुक्तांना काही अट घालायची असेल तर मार्ग एकच होता: कलम ३४६ प्रमाणे लेखी नापसंती कळवायची, कारणं द्यायची आणि अमुक अटी पाळल्यास बांधकाम मंजूर समजलं जाईल असं त्याच कागदावर लिहायचं. अट घालायची म्हणजे आधी नाही म्हणायचं. पुढे अट नसलेली इमारतच उरली नाही, म्हणून प्रत्येकाला नापसंती मिळू लागली आणि तीच मंजुरी झाली.

पण अटी इतक्या वाढल्या कशा? त्यातल्या बऱ्याचशा साथींनी लिहिल्या आहेत.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकेशियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. त्यानंतरच्या काळात राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यूएचएच’ अशी इंग्रजी अक्षरं रंगवली जात. बिऱ्हाडं एकाला एक चिकटलेली, मधल्या खोल्यांना खिडकीच नाही, मागच्या गल्लीत हात पसरला तर दोन्ही भिंतींना लागावा, अशा चाळी साथीच्या तावडीत पहिल्या सापडल्या. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. रस्ते रुंद करणं आणि दाट वस्त्या पाडून नव्या वसवणं हे तिचं काम. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आयुष्यभर पुरेल एवढा आग्रह धरला. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब सोपा आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात वर ओढलेली रेष समोरच्या इमारतीने कापू नये. या कोनात उंची अंतराच्या जवळपास दुप्पट होते. म्हणजे मधे दहा फूट मोकळे असतील तर समोर वीस फुटांपर्यंतच चढायचं. दादर-माटुंग्याच्या जुन्या, ट्रस्टने आखलेल्या वसाहतींतून चालताना आकाश जास्त दिसतं, ते त्या काळच्या आखणीमुळे.

आज आपण ज्यांना सामासिक अंतरं म्हणतो ती याच विचाराची पुढची पिढी. मुंबईच्या १९९१ च्या नियमांत उजेड-वाऱ्याच्या बाजूने इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश जागा सोडायची होती. उर्वरित महाराष्ट्रासाठी २०२० च्या डिसेंबरात आलेल्या एकत्रिकृत नियमावलीत उंच इमारतींना हे प्रमाण एक पंचमांश आहे. ऑर यांच्या कोनात उंचीच्या निम्मं, मग तिसरा हिस्सा, मग पाचवा. प्लेग जसजसा विस्मरणात गेला तसतसा मधला उजेड अरुंद होत गेला, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

दुसरी साथ मलेरियाची. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल दिला आणि घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखवलं. विहिरी झाकण्याची, बुजवण्याची मोहीम निघाली, त्यावरून वादही झाले. आजही बांधकामाच्या अटींत पाण्याच्या टाक्या डासांपासून सुरक्षित असाव्यात असं असतं आणि पेस्ट कंट्रोल ऑफिसरचा कागद लागतो. साइटवरचा मुकादम त्यावर वैतागतो. पण पावसाळ्यात स्लॅबवर साचलेल्या पाण्यात डोकावून पाहिलं तर अट कशासाठी आहे हे कळतं.

नगररचना हा त्यानंतरचा थर. मुंबई इलाख्याचा १९१५ चा कायदा हा देशातला पहिला नगररचना कायदा. १९५४ मध्ये तो नव्याने आला आणि शहरांना विकास आराखडा करणं भाग पडलं. खरा उलटफेर मात्र १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने केला. त्याचं कलम ४३ सांगतं की नियोजन प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही विकास करू नये. ‘मी बांधतोय, हरकत असेल तर सांगा’ याची जागा ‘सांगेपर्यंत बांधू नका’ने घेतली. जुन्या कायद्यातली एक खूण तेवढी राहिली: साठ दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद. व्यवहारात तिच्या भरवशावर खोदकाम करणारा बहाद्दर मला तरी भेटलेला नाही.

मुंबईच्या फाइलमध्ये हे दोन्ही कायदे शेजारी शेजारी बसले आहेत. आयओडी १८८८ ची आणि सीसी १९६६ ची. पहिला कागद मालकाचा हक्क मान्य करून कुरकुरतो, दुसरा हक्कच स्वतःकडे ठेवून सवलत देतो. मुंबईबाहेर आयओडी का नाही, याचं उत्तर इथे मिळतं.

याच काळात चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल हा आकडा, आला, तोही मुंबईच्या १९६४ च्या आराखड्यातून. १९९१ मध्ये शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ हे आकडे पक्के झाले, आणि परवानगीच्या कामाचं स्वरूपच पालटलं. तोवर प्रश्न होता उजेड येतो का, आग लागली तर बंब शिरेल का. आता प्रश्न झाला चौरस फूट किती. निर्देशांकात न मोजले जाणारे भाग नकाशावर फुगू लागले. त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फ्लॉवर बेड. नकाशात फुलझाडांसाठी असलेली जागा ताबा मिळाल्यावर बेडरूममध्ये सामील व्हायची. तपासणीला येणाऱ्याला मात्र तिथे मातीच दिसायची! २०१२ च्या जानेवारीत पालिकेने हे भाग निर्देशांकात मोजायला घेतले आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना पैसे भरून ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवं तसं वापरता येणारं जादा क्षेत्र दिलं. फुलझाडांचा प्रश्न एका रात्रीत संपला.

परवानगीच्या टोकाला असे एकावर एक कागद चढत गेले. तपासणीचं टोक त्या मानाने किरकोळच राहिलं. सीसी आधी जोत्यापर्यंतच मिळते. जोतं झालं की जोते तपासणी. कारण उघड आहे: अंतरं तिथेच ठरतात, पुढे भिंत सरकवता येत नाही. मोजमाप जुळलं की पुढची सीसी. मग इमारत चढते आणि तिच्या पोटात काय चाललंय हे पाहणारा पालिकेचा माणूस क्वचितच दिसतो. सळ्या किती, काँक्रीट कसं, हे बघायचं मालकानेच नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने. शेवटी आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा दाखला, लिफ्ट, अग्निशमन, ड्रेनेज आणि सगळ्यांवर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. १८८८ च्या कायद्यात ते ज्या कलमात आहे त्याचा क्रमांक ३५३-अ. हे ‘अ’च सांगतं की इमारत पुरी झाल्यावर कोणी बघायला हवं, हे नंतर सुचलं.

तपासणी झाली आणि चूक सापडली तरी पुढे काय? वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये १९८४ मध्येच काम थांबवण्याची नोटीस लागली होती. तरीही दशक संपेपर्यंत मंजुरीच्या कितीतरी वर मजले चढले. एक इमारत वीस मजल्यांची झाली. लोक राहायला आले, मुलं मोठी झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा पाडण्याचा आदेश आला २०१३ च्या फेब्रुवारीत. नोटीस आणि आदेश यांच्यात २८ वर्षांहून जास्त काळ. त्याच वर्षी ४ एप्रिलला मुंब्र्याजवळ शीळ भागात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. तिला परवानगीच नव्हती, म्हणून तपासणीचाही प्रश्न आला नाही. फाइल नसलेल्या इमारतीकडे बघणारी खिडकी आपल्या पद्धतीत फार छोटी आहे.

यावर राज्याने वेळोवेळी काढलेला तोडगा नियमित करून घेण्याचा. २००१ चा गुंठेवारी कायदा त्यातलाच. २०२१ मध्ये त्याची मुदत पुढे ओढून डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आत घेतली गेली.

अलीकडचा थर वेगाचा आहे. जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालात बांधकाम परवान्यांबाबत भारत २०१८ च्या यादीत १८१ व्या क्रमांकावर होता. तो पुढच्या वर्षी ५२ आणि २०२० च्या यादीत २७ वर आला. भारताचा हा आकडा केवळ दिल्ली आणि मुंबईच्या मापावर ठरायचा. मोजमापासाठी धरलेली इमारत होती दुमजली गोदाम. चाळीच्या पुनर्विकासाची फाइल घेऊन वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे सांगितलं तर तो काय म्हणेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. बँकेने हा अहवालच २०२१ मध्ये बंद केला. पण त्या धावपळीतून ऑनलाइन अर्ज आले, नकाशा संगणकाने तपासण्याची पद्धत आली आणि लहान बांधकामांना मोकळीक मिळाली. २०२० च्या नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर कमी जोखमीचं बांधकाम केवळ कळवून सुरू करता येतं.

कळवून सुरू करायचं, म्हणजे फिरून १८८८ चीच नोटीस. फरक एवढाच की तेव्हा नापसंती कळवायला आयुक्त होते, आता आर्किटेक्टने स्वतः लिहून दिलेला दाखला आहे.

भोगवटा मात्र तिथेच अडकलेला आहे. १९६३ च्या मोफा, म्हणजे मालकी हक्काच्या सदनिकांच्या, कायद्याने पालिकेचा पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय ताबा देण्यास विकासकाला मनाई केली, तरी ओसी नसलेल्या इमारती मुंबईत गल्लोगल्ली आहेत. तिथली माणसं पाण्याला जादा दर भरतात. त्यांच्या सोसायटीच्या कपाटात आयओडी असते, सीसी असते, आणि तिसऱ्या फोल्डरवर फक्त नाव लिहिलेलं असतं.