फोन संगणकाला जोडला, तरी फोल्डर रिकामा का? : पार्श्वभूमी

दापोली, देवगड किंवा श्रीवर्धनच्या बाजारपेठेतील झेरॉक्सच्या दुकानात आणि महा ई-सेवा केंद्रात हा प्रकार नेहमीचाच आहे. गिऱ्हाईक आधार कार्डाचा किंवा सातबाऱ्याचा फोटो असलेला फोन पुढे करते, दुकानदार तो केबलने जोडतो, संगणकावर फोनचे नाव उमटते आणि त्यावर क्लिक केले की आत काहीच दिसत नाही. मग फोनचे लॉक उघडा, वरची सूचनांची पट्टी खाली ओढा, ‘चार्जिंग’च्या जागी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा, एवढे सोपस्कार झाल्यावर फोटो दिसू लागतात. फोनच्या मेमरीवर ताबा कोणाचा असावा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोन दशकांत बदलत गेले आणि हे सोपस्कार त्यातूनच आले आहेत.

आजच्या धाटणीचे स्मार्टफोन येण्यापूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता. नोकियाच्या 7650 या 2002 सालच्या कॅमेरा फोनची अंतर्गत मेमरी अवघी 4 एमबी होती. फोटो संगणकावर घ्यायचे तर इन्फ्रारेड, ब्लूटूथ किंवा त्या-त्या कंपनीची खास केबल आणि तिच्यासोबत ‘नोकिया पीसी सूट’सारखे सॉफ्टवेअर लागे. एका कंपनीची केबल दुसरीच्या फोनला चालत नसे, आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन फोनांनाही एक केबल पुरत नसे.

खरा बदल घडवला तो मेमरी कार्डाने. कार्ड फोनमधून काढायचे, अडॅप्टरमध्ये बसवून कार्ड रीडरला लावायचे, की संगणकाला ते पेन ड्राइव्हसारखेच दिसे. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नसे. मोबाइल दुकानांतून ‘गाणी भरून मिळतील’ असे फलक लागले ते याच बळावर. तळकोकणात त्या कार्डांवर चित्रपटगीतांच्या जोडीने डबलबारी भजने आणि दशावतारी नाटकांची चित्रणेही असत, रत्नागिरीकडे शक्ती-तुरा असे, आणि गणपतीला आलेला चाकरमानी परत जाताना तीच कार्डावर भरून मुंबईला नेई. स्वामित्वहक्काच्या दृष्टीने त्यातले बरेचसे आक्षेपार्ह होते हे खरे. पण आपल्या फोनमधल्या फायलींवर सामान्य माणसाची एवढी सरळ पकड नंतर पुन्हा कधी राहिली नाही, असे माझे मत आहे.

2008 साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्येही हीच व्यवस्था होती. केबल जोडल्यावर फोनवर ‘यूएसबी स्टोरेज’ सुरू करण्याचे बटण येई आणि ते दाबले की कार्ड संगणकाच्या हवाली होई. ‘मास स्टोरेज’ नावाच्या या पद्धतीत संगणकाला एकेक फाइल मिळत नाही, तर अख्खी चकतीच, म्हणजे कार्डाची सगळी मेमरी, मिळते, आणि तिच्यावर कुठे काय लिहायचे हे संगणकच ठरवतो. एकाच चकतीवर दोन मालकांनी एकाच वेळी लिहिले तर नोंदींचा घोळ होणारच, म्हणून तेवढा वेळ फोनला कार्डावरचा ताबा सोडावा लागे. त्या काळात गॅलरी रिकामी दिसे, कार्डावर ठेवलेली अ‍ॅप चालत नसत. घाईत केबल उपसली तर कार्ड करप्ट होई, आणि तसे झालेले कार्ड घेऊन लोक पुन्हा त्याच दुकानात येत.

2011 साली अँड्रॉइडने ही वाट सोडली. फेब्रुवारीत टॅबलेटसाठी आलेल्या 3.0 या आवृत्तीत आणि वर्षअखेरीस गॅलेक्सी नेक्सस या फोनमध्ये मास स्टोरेज नव्हते. त्यावर बरीच ओरड झाली, तेव्हा अँड्रॉइडचे अभियंते डॅन मॉरिल यांनी त्यामागचे कारण जाहीरपणे सांगितले. अ‍ॅपसाठी एक आणि फोटो-गाण्यांसाठी दुसरी अशी मेमरीची विभागणी केली, की एक भाग भरून जातो आणि दुसरा रिकामा पडून राहतो. म्हणून सगळी मेमरी एकत्र केली गेली. मात्र ज्या मेमरीवर चालू अ‍ॅप बसलेली आहेत, ती संगणकाच्या हवाली करता येत नाही. शिवाय विंडोजला वाचता यावी म्हणून फायलींची नोंद ठेवण्याच्या जुन्या फॅट पद्धतीला चिकटून राहण्याची गरजही उरली नाही.

मास स्टोरेजच्या जागी एमटीपी ही फायलींच्या देवाणघेवाणीची पद्धत आली. पूर्वी गोदामाची किल्लीच संगणकाच्या हाती दिली जात होती; आता तो रेशन दुकानाच्या खिडकीशी उभा राहतो, हवी ती फाइल मागतो आणि फोन ती आतून आणून देतो. अडचण अशी, की ही पद्धत मुळात फोनसाठी घडलेलीच नव्हती. डिजिटल कॅमेऱ्यातून फोटो उतरवण्यासाठी पीटीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे देवाणघेवाणीचा ठरलेला नियमसंच, होता. मायक्रोसॉफ्टने त्याचा विस्तार करून विंडोज मीडिया प्लेयरला जोडायच्या गाणी वाजवणाऱ्या उपकरणांसाठी एमटीपी तयार केला आणि 2008 साली यूएसबीच्या मानकांत त्याला स्थान मिळाले. त्यामुळे हजारो फोटोंचा कॅमेरा फोल्डर उघडताना संगणक एकेका फाइलची माहिती मागत बसतो, फाइल फोनवर असतानाच तिच्यात फेरफार करणे सहसा जमत नाही, आणि अ‍ॅपलच्या मॅकमध्ये तर वेगळे सॉफ्टवेअर घातल्याशिवाय ही पद्धत चालत नाही. मास स्टोरेज सोडणे रास्तच होते; पण तिच्या जागी आणलेली व्यवस्था इतकी वर्षे जवळपास आहे तशीच ठेवणे, ही हेळसांड म्हणावी लागेल. आयफोनने मोकळीक मुळातच दिली नव्हती. केबलने फोटो-व्हिडिओ दिसत, बाकीच्यासाठी आयट्यून्स हे अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर लागे.

कुलूप उघडण्याचा सोपस्कार आला तो सुरक्षेपायी. सार्वजनिक चार्जिंगच्या केबलमधूनच फोनमधली माहिती पळवता येते, हे संशोधकांनी 2011 पासून प्रात्यक्षिकांतून दाखवले. 2013 साली आयफोन ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ असे विचारू लागला आणि 2015 च्या अँड्रॉइड 6.0 पासून केबल जोडल्यावर आपोआप फक्त चार्जिंग होऊ लागले.

बिनतारी उपाय याच काळात रुळले. एका फोनने हॉटस्पॉट सुरू करायचा आणि दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर थेट फाइल पाठवायची, ही शेअरइटसारख्या अ‍ॅपची पद्धत इंटरनेटविनाही चाले, म्हणून रेंज नसलेल्या खाडीकाठच्या गावांना ती सोयीची होती. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली, आणि आडव्या झालेल्या पोफळी-माडांचे फोटो लोकांच्या फोनमध्येच अडकून पडले. त्याच महिन्याच्या 29 तारखेला केंद्र सरकारने 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत शेअरइट आणि त्याच धाटणीचे झेंडर ही दोन्ही होती. गूगलने विंडोजसाठी आणलेला पर्याय, ज्याला आता क्विक शेअर म्हणतात, तो 2023 साली आला. मधल्या काळात अनेकांनी व्हॉट्सअ‍ॅपचाच आधार घेतला, पण तिथे फोटो म्हणून पाठवलेला फोटो आकाराने घटतो, आणि नुकसानीचा पुरावा म्हणून छापताना त्यातला बारकावा जातो.

2020 च्याच अँड्रॉइड 11 ने एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या फायली मोकळेपणाने पाहण्यास मनाई केली. त्या बदलात व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डरही हलला. पूर्वी तो फोन उघडताच समोर दिसे, आता ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’ आणि त्यात ‘कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप’ असे आत आत जावे लागते. जुन्या जागी शोधून ‘फोटो गेले’ असे समजणारे आजही भेटतात.

टाइप-सी मुळे खास केबलींचा जुना जाच संपला, परंतु प्लगच्या आकारावरून वेग कळत नाही. टाइप-सी असलेल्या कित्येक स्वस्त फोनांत आतली जोडणी 2000 सालच्या यूएसबी 2.0 चीच, म्हणजे कागदोपत्री सेकंदाला जास्तीत जास्त 480 मेगाबिटची असते. काही केबलींत तर डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने चार्जिंग व्यवस्थित होते आणि ‘फाइल ट्रान्सफर’चा पर्याय मात्र कितीही वेळा पट्टी ओढली तरी येत नाही.