वनहक्काच्या दाव्याची मुदत संपलेली नाही

वनहक्क कायद्याखाली जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक कसत असलेल्या वनजमिनीवर हक्काचा दावा करू शकतात. पण ‘२००५ची तारीख गेली, आता वनहक्काचा दावा चालत नाही,’ असं गावागावांत ऐकवलं जातं. हे चूक आहे. १३ डिसेंबर २००५ ही जमिनीवरच्या ताब्याची अट आहे (ताबा त्याआधीपासूनचा हवा), अर्जाची शेवटची तारीख नव्हे. ग्रामसभेने दावे मागवल्यापासून ते देण्यासाठी तीन महिने असतात. ही मुदत ग्रामसभा लेखी कारण नोंदवून वाढवू शकते.

दावा अडकतो तो बहुधा गणपूर्तीवर. ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला. सह्या-अंगठे त्याच बैठकीत घ्या. पुरावे किमान दोन. गावातल्या, स्वतः दावेदार नसलेल्या वृद्धांचा लेखी जबाबही त्यात धरतात.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क, म्हणजे साऱ्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क, मिळवून बांबू स्वतः विकला. जंगल राखणाऱ्यांना हे उत्पन्न मिळायलाच हवं.