दिव्यांअलीकडचा अंधार: वैमानिकांच्या दृष्टिभ्रमांची पार्श्वभूमी

ऑगस्ट 1965 ते फेब्रुवारी 1966 या सहा महिन्यांत बोइंग 727 जातीची चार विमाने उतरण्याच्या बेतात असताना पडली. पहिले शिकागोला येताना मिशिगन सरोवरात गेले. दुसरे सिनसिनाटीजवळ ओहायो नदीकाठच्या उतारावर आदळले; ती जागा विमानतळाच्या उंचीपेक्षा सुमारे 225 फूट खाली होती. तिसरे सॉल्ट लेक सिटीत धावपट्टीच्या थोडे अलीकडेच टेकले, चौथे टोकियोच्या उपसागरात बुडाले. चौकशी अहवालांत चौघांचे मिळून एकच कारण निघाले नाही. 727 तेव्हा नवे होते, म्हणून पहिला संशय विमानावरच गेला: फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) पूर्ण उघडले की हे विमान फार वेगाने खाली बसते, असे बोलले जाऊ लागले.

बोइंगमधले मानसशास्त्रज्ञ कॉनरॅड क्राफ्ट यांनी वेगळा प्रश्न घेतला. त्या वेळी कॉकपिटच्या काचेतून नेमके काय दिसत असेल? चारही वेळा अंधार पडलेला होता. आणि दिव्यांनी उजळलेले शहर किंवा विमानतळ आणि विमान यांच्या मधल्या पट्ट्यात पाणी किंवा काळोखी जमीन असली, तर उंचीचा अंदाज कशावरून बांधायचा? वैमानिक ज्याला ‘ब्लॅक होल अप्रोच’ म्हणतात, त्याचा शास्त्रीय अभ्यास इथून सुरू झाला.

हा प्रश्न इतक्या उशिरा का पडला हे समजायला चाळीस वर्षे मागे जावे लागते.

विमानविद्येच्या पहिल्या दोन दशकांत ‘बैठकीवरून उडवणे’ हा वैमानिकाचा गुण मानला जाई. विमान कललेले आहे की सरळ, हे अंगाला कळते अशी ठाम समजूत होती. 1926 मध्ये अमेरिकी लष्करातले वैमानिक विल्यम ऑकर यांना डॉक्टर डेव्हिड मायर्स यांनी बारानी खुर्चीत बसवले. डोळे मिटून खुर्चीवर फिरवले की काही वेळाने फिरणे थांबल्यासारखे वाटते, आणि खुर्ची खरोखर थांबली की आपण उलट्या दिशेने फिरतोय असे वाटते. अनुभवी वैमानिकही त्यात फसला. ऑकर पुढच्या खेपेला एका पेटीत वळण दाखवणारे जायरो यंत्र बसवून घेऊन आले, फक्त त्या यंत्राकडे पाहून उत्तरे दिली आणि ती बरोबर ठरली. 24 सप्टेंबर 1929 रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी कॉकपिटवर झाकण ओढून, बाहेरचे काहीही न पाहता विमान उडवले, वळवले आणि परत उतरवले. त्यांच्यापुढे स्पेरी यांचे, विमानाचा कल दाखवणारे कृत्रिम क्षितिज आणि कोल्समन यांचा, उंची दाखवणारा अचूक अल्टिमीटर होता.

त्यातून एक नियम रुजला: ढगात शिरलात की यंत्रांवर विश्वास ठेवा. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना बाहेरचे दिसेनासे केले, तेव्हा सगळ्यांच्याच हातून ताबा सुटला, आणि त्याला सरासरी 178 सेकंद लागले. नियम पक्का होता यात शंका नाही. पण त्याला न सांगता एक शेपूट जोडले गेले: बाहेरचे दिसत असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. माझ्या मते 1960 च्या दशकातल्या कित्येक अपघातांचे मूळ या शेपटात आहे.

खरे तर डोळेही फसवतात याची चाहूल जुनी. 1799 मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांना तेनेरिफ बेटावरच्या डोंगरावरून तारे इकडेतिकडे सरकताना दिसले. हवेचा परिणाम असावा असे त्यांना वाटले. पुढे कळले की हालतो तो तारा नव्हे. काळोखात आजूबाजूला दुसरे काहीच नसेल, तर एकट्या स्थिर दिव्याकडे टक लावून पाहिल्यावर काही सेकंदांत तो भटकू लागतो. घरी करून पाहता येते: खोली पूर्ण काळोखी करा, समोरच्या कोपऱ्यात टॉर्चवर कागद लावून सुईएवढे छिद्र ठेवा आणि स्थिर बसून पाहा. दुसऱ्या महायुद्धात रात्री पुढच्या विमानाच्या शेपटीवरचा दिवा धरून उडणाऱ्यांना हाच अनुभव येई. अॅश्टन ग्रेबिएल आणि ब्रँट क्लार्क यांनी 1945 मध्ये या भ्रमाचा आणि रात्रीच्या उड्डाणाचा संबंध मांडला. उपाय साधा आहे: एकाच दिव्यावर नजर रोखू नका, ती फिरती ठेवा, आणि दिव्याची जागा काचेच्या चौकटीशी ताडून पाहा.

आता क्राफ्ट यांच्याकडे. त्यांनी उताराच्या जमिनीवर वसलेल्या शहराची दिव्यांची प्रतिकृती सिम्युलेटरसमोर उभी केली, बोइंगच्याच मुरलेल्या प्रशिक्षक-वैमानिकांना बसवले, अल्टिमीटर झाकला आणि नुसत्या नजरेने उतरायला सांगितले. अंधाऱ्या पट्ट्यावरून येताना हे वैमानिकही खऱ्या मार्गाच्या बरेच खाली आले, आणि आपण पुरेसे उंच आहोत असेच त्यांना वाटत होते.

कारण भूमितीत आहे. दिवसा जवळ येणारी झाडे, रस्ते, घरे मोठी होत जातात आणि खालची जमीन सरकताना दिसते. रात्री हे सगळे पुसले जाते आणि उरतो तो दिव्यांचा पट्टा. मग मेंदू नकळत एकच गोष्ट स्थिर ठेवू पाहतो: दिव्यांच्या जवळच्या आणि दूरच्या टोकांमधला डोळ्यांशी होणारा कोन. तो बदलला नाही की ‘सगळे ठीक चालले आहे’ असे वाटते. पण दोन बिंदूंशी समान कोन करणारे सगळे बिंदू वर्तुळाच्या कमानीवर असतात, हे शाळेतले प्रमेय आहे. म्हणजे वैमानिक सरळ उतरणीऐवजी कमानीवरून खाली येतो, आणि ही कमान धावपट्टीच्या आधीच जमिनीजवळ जाते.

आकडे घातले की धोका किती मोठा आहे ते कळते. सपाट जमीन, 3,000 मीटर लांब धावपट्टी आणि तीन अंशांची उतरण धरा. 5 सागरी मैलांवर विमान सुमारे 1,590 फुटांवर हवे आणि तिथून धावपट्टीची दोन टोके डोळ्यांशी जेमतेम पाऊण अंशाचा कोन करतात. योग्य मार्गावर राहिलात तर 2 सागरी मैलांवर हा कोन जवळजवळ दुप्पट, 1.3 अंश व्हायला हवा. वैमानिकाने तो पाऊण अंशच ठेवला, तर 637 फुटांऐवजी तो 350 फुटांवर असतो. 1 मैलावर 318 ऐवजी 125 फुटांवर. त्या अंतरात एखादी टेकडी, मनोरा किंवा भरतीचे पाणी असले तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. पुढचे शहर चढावर वसलेले असेल तर चूक आणखी वाढते, कारण चढता दिव्यांचा पट्टा वरून पाहिल्यासारखा दिसतो आणि आपण गरजेपेक्षा उंच आहोत असे वाटते.

एकट्या धावपट्टीलाही हे लागू आहे. नेहमी 45 मीटर रुंद धावपट्टीवर उतरणाऱ्याला 30 मीटरची पट्टी दूर आणि खोल वाटते, म्हणून तो खाली येतो आणि नाक उचलायला उशीर करतो. रुंद पट्टीवर उलट होते: नाक लवकर उचलले जाते आणि विमान वरूनच धपकन बसते. धावपट्टी एक अंश चढती असेल तर तीन अंशांवर असलेल्या वैमानिकाला आपण चार अंशांवर आहोत असे वाटते. त्याने ‘तीन’ करून घेतले की खऱ्या क्षितिजाशी दोनच अंश उरतात. धुरक्यात पट्टी दूर वाटते. काचेवर पाऊस असेल तर उंची जास्त वाटते. दोन्हींत माणूस खालीच येतो.

सिनसिनाटी आणि सॉल्ट लेकचे अपघात झाले त्याच हिवाळ्यात, 4 डिसेंबर 1965 रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेलवर भर दिवसा आणखी एक प्रकार घडला. ईस्टर्न एअरलाइन्सचे सुपर कॉन्स्टेलेशन 10,000 फुटांवर आणि टीडब्ल्यूए या विमान कंपनीचे बोइंग 707 हे 11,000 फुटांवर होते. दोघेही आपापल्या उंचीवर बिनचूक. मात्र ढगांचा माथा तिरका होता. तिरक्या ढगाला क्षितिज समजल्यामुळे वरचे विमान आपल्याच पातळीवर येत आहे असे कॉन्स्टेलेशनच्या वैमानिकांना वाटले. त्यांनी विमान वर खेचले, दुसऱ्यानेही हुकवायचा प्रयत्न केला, आणि हजार फुटांचे अंतर असलेली दोन विमाने धडकली. 707 पंखाचा मोठा तुकडा गमावूनही न्यूयॉर्कला उतरले. कॉन्स्टेलेशन एका टेकडीवर उतरवावे लागले. चार जण गेले. ढगांच्या चढामुळे झालेला दृष्टिभ्रम हे कारण अधिकृत अहवालातच आहे.

मुंबईशी थेट संबंध असलेला अपघात 1 जानेवारी 1978 चा. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग 747 सांताक्रूझहून रात्री दुबईसाठी निघाले आणि वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले. आतले सर्व 213 जण गेले. किनारा ओलांडून उजवे वळण घेऊन विमान सरळ झाले होते, पण कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिज विमान अजून उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले. दुरुस्तीसाठी दिलेल्या डाव्या वळणाने विमान उलथत गेले. यंत्राचा बिघाड हे मूळ खरे, परंतु तो बिघाड जीवघेणा ठरला तो बाहेरच्या काळोखामुळे. दिवसा अरबी समुद्राची रेषा काचेतून दिसली असती आणि खोटे यंत्र लगेच उघडे पडले असते. शहराचे दिवे मागे राहिले, समोर समुद्र आणि आकाश एकाच रंगाचे. अशा वेळी तीन क्षितिजयंत्रे एकमेकांशी ताडायची असतात: कप्तानाचे, सहवैमानिकाचे आणि मधले राखीव. दोन जुळतात, ती खरी.

पुढच्याच वर्षी, 28 नोव्हेंबर 1979 रोजी, अंटार्क्टिकावर प्रेक्षणीय फेरीला गेलेले एअर न्यूझीलंडचे डीसी-10 माउंट एरेबसच्या उतारावर आदळले. 257 जण गेले. पहिल्या अधिकृत अहवालाने वैमानिकांना दोष दिला. 1981 मध्ये न्यायमूर्ती पीटर मेहन यांच्या आयोगाने दोन गोष्टी पुढे आणल्या: संगणकातला मार्ग वैमानिकांना न सांगता बदललेला होता, आणि समोरचा पर्वत त्यांना दिसणे शक्यच नव्हते. ढगाखालची हवा पारदर्शक होती, दूरपर्यंत दिसत होते. मात्र वरचे पांढरे ढग आणि समोरचा बर्फाचा चढ यांत सावली नव्हती, कडा नव्हती. डोळ्यांना तो सपाट बर्फ आणि लांबचे क्षितिज वाटले. धुके असते तर वैमानिक सावध झाले असते. इथे ‘स्वच्छ दिसते आहे’ हाच भ्रम होता. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र आदळण्याच्या सहाच सेकंद आधी वाजले, कारण ते सरळ खाली पाहत असे, पुढे नाही. भूभागाचा नकाशा आत साठवून पुढची टेकडी आधीच ओळखणारी यंत्रे 1990 च्या दशकात आली.

रात्रीच्या उतरणीवर जमिनीवरून आलेला उत्तम उपाय म्हणजे पॅपी: धावपट्टीच्या बाजूला, बहुधा डावीकडे, आडव्या रांगेतले चार दिवे. 1970 च्या दशकात ब्रिटनमधल्या बेडफर्डच्या संशोधन केंद्रात ते तयार झाले. प्रत्येक दिवा ठरलेल्या कोनाच्या वर पांढरा आणि खाली लाल दिसतो. तीन अंशांच्या उतरणीसाठी हे कोन साधारण 2 अंश 30 मिनिटे, 2 अंश 50, 3 अंश 10 आणि 3 अंश 30 असे लावतात. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे मार्ग बरोबर. तीन लाल म्हणजे खाली, चारही लाल म्हणजे अडीच अंशांच्याही खाली. रात्री तिथून ‘थोडे सावरून’ उतरू नये, वर जाऊन पुन्हा यावे.

पॅपीचेही दोष आहेत. भिंगावर दव किंवा हिमकण बसले की लाल-पांढऱ्याची सीमा पुसते आणि गुलाबी, चुकीचा रंग दिसतो; म्हणून थंड ठिकाणी दिवे मंद प्रकाशावर आधीच तापते ठेवतात. मोठ्या विमानात वैमानिकाचे डोळे चाकांपेक्षा खूप उंच असतात, म्हणून पॅपी बरोबर दाखवत असतानाही चाके किती खाली आहेत याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

जिथे पॅपी नाही तिथे आकडेच सोबती. विमान किती फुटांवर हवे? अंतराचे सागरी मैल गुणिले 300, अधिक विमानतळाची उंची: 4 मैलांवर 1,200 अधिक विमानतळ. जमिनीवरचा वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) घेऊन पाचाने गुणा, म्हणजे 140 नॉटला मिनिटाला 700 फूट खाली यायचे. त्याहून बरीच जास्त घसरण असेल तर मार्ग बिघडला आहे. आणि धावपट्टीचे अलीकडच्या टोकाचे दिवे एकेक करून विझू लागले, तर मध्ये जमीन आली आहे असे समजून तत्काळ वर चढावे.